जातेबाई

आमच्या बाई निघताना 'जाते' म्हणायच्या. सरळ, तोंडावर, दार ओढता ओढता. आपल्याकडे कुणी असं म्हणतं का? घरातून निघणारी बाई 'येते' म्हणते, आणि चुकून दुसरा शब्द निघालाच तर आतून आई ओरडते, "जाते काय म्हणतेस मेले, येते म्हण!" पहिल्याच शनिवारी बाई "चला, जाते मी" म्हणून जिना उतरल्या आणि आम्ही बाराजणी एकमेकींची तोंडं बघत राहिलो. दुसऱ्या शनिवारपर्यंत त्यांचं नाव जातेबाई पडलेलं होतं. ते मीच पाडलं. नावं ठेवण्यात मी पहिल्यापासून पुढे.

भाईंदर पश्चिमेला, बाजारामागच्या गल्लीत, एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत आमचा वर्ग भरायचा. प्ले थेरपीचा. न बोलणारी, अंगाला हात लावू न देणारी, एका जागी न टिकणारी मुलं खेळातून काय सांगतात ते ओळखायला शिकायचं. मी नवघरच्या एका बालवाडीत ताई. घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "खेळायला शिकणार? त्याचं पण सर्टिफिकेट देतात?" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. बारा वर्षं पोरांत काढलेली, मला कोण काय शिकवणार!

बाईंनी पहिल्या दिवशी वाळूने भरलेली एक पेटी, थोडी भातुकली आणि एक लाकडी होडी मांडली आणि आमच्या जोड्या लावल्या. एकीने मूल व्हायचं, दुसरीने नुसतं सोबत बसायचं. "विचारायचं नाही, शिकवायचं नाही, मदतीला हात पुढे करायचा नाही. दिसतं तेवढंच बोलायचं. आणि शाब्बास तर अजिबात नाही." मी बसले आणि सुरूच झाले. "अरे वा! काय करतोय आपण? होडी चालवतोय? शाब्बास!" बाई माझ्या मागेच उभ्या होत्या. त्या समुद्राकडच्या चौक गावच्या, ख्रिस्ती कोळ्याच्या घरातल्या. वर्गात पुस्तकी मराठी बोलायच्या, पण राग आला की गाव वर यायचं. "तोंड हाय का मासळीबाजार गो तुझं?" सगळ्या खो खो हसल्या. मी मात्र अशी चिडले, की म्हटलं आता वर्षभर अळीमिळी गुपचिळी.

शाब्बासवर त्यांचा राग का, ते त्यांनी नंतर सांगितलं. "शाब्बास ऐकलं की पोर तुझ्यासाठी खेळायला लागतं. मग त्याचं काय दुखतंय ते राहूनच जातं." आम्हालाही त्यांनी कधी शाब्बास म्हटलं नाही. एखादीचं काम फारच चांगलं झालं, तर "बघितलं मी" म्हणायच्या. या दोन शब्दांसाठी आम्ही थोराड बायका बालवाडीतल्या पोरांसारख्या टपून असायचो. मला ते बरेच महिने मिळाले नाहीत.

मग सरावासाठी माझ्याकडे चिमी आली. सहा वर्षांची, स्वमग्न, शब्द फारच थोडे, आणि कानावर पडलेलं सगळं जसंच्या तसं खरं धरणारी. तिचे वडील रिक्षा चालवायचे. एकदा जिन्यात घाईने म्हणाले, "पाय उचल गं," तर ती एक पाय वर उचलून, कठड्याला धरून उभीच राहिली. मला हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत. "सांगितलं ते तिने केलं. चूक बोलणाऱ्याची," एवढंच म्हणाल्या.

दर गुरुवारी चिमी दाराबाहेर चपला काढून, एकीला एक चिकटवून ठेवायची आणि आत यायची. दोन महिने ती वाळूत बोटाने रेघा ओढत होती आणि मी तोंडाला कुलूप घालून बसत होते. माझ्यासारखीला ही काय शिक्षा आहे ते मलाच ठाऊक! पण एका गुरुवारी तिने ती होडी उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं एकेक करून मिटली. शाब्बास अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून मी म्हणाले, "होडी माझ्या हातात आहे." तिने मान हलवली. त्या दिवशी घरी जाऊन मी खूप रडले.

सरावाचे महिने संपत आले तसं बाईंनी बजावलं, की शेवट नीट करायचा. या मुलांना माणसं न सांगता सोडून जातात, आपण तसं जायचं नाही. भिंतीवर दोरीला चार कागदी मासे लावले. दर गुरुवारी चिमीने एक काढायचा, म्हणजे किती भेटी उरल्या ते तिला दिसेल. आणि शेवटच्या दिवशी तिला म्हणायचं, मी जाते. मी सगळं केलं हो! चौथा मासा निघाला, दोरी रिकामी झाली, मी चिमीला सांगितलं की आज शेवटचं. मग दारात वळले, आणि चाळीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली, "येते हं, चिमी."

मी जीभ चावली, पण कुणी ऐकलं नव्हतं. निदान मला तसं वाटलं. वहीत लिहिलं, शेवट नीट झाला.

पुढच्या गुरुवारी तिच्या वडिलांचा फोन. "ताई, ती चपला काढून वर्गाच्या दाराशी बसलीये. आज बंद आहे बोललो, तरी उठत नाय. तुम्ही येते म्हणालात ना, तेच धरून बसलीये." मी म्हटलं, विसरेल हळूहळू. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. मी बाईंना काही सांगितलं नाही. भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज.

तिसऱ्या गुरुवारी बाई कसल्याशा कामाने वर्गाच्या खोलीवर गेल्या आणि त्यांनी तिला पाहिलं. शनिवारी सगळ्या गेल्यावर मला थांबवून म्हणाल्या, "ती पोर कोणाची वाट बघते?" मी सांगितलं आणि वर उलट उखडलेही. "अहो बाई, एका शब्दाचं एवढं काय! येते म्हणजे जाते, हे सगळ्यांना कळतं."

"तिला न्हाय कळत. आनि तुला म्हाईत हाय, तिला न्हाय कळत."

मग गुरुवारी गेले. चिमी बंद दाराशी बसली होती, चपला चिकटून ठेवलेल्या. मी खालच्या पायरीवर बसले. "चिमी, माझं चुकलं. मी येते म्हणाले होते. मी येणार नाही. मी जाते." पोरीने एक चप्पल उचलून खाली भिरकावली आणि अशी किंचाळली, की खालचा शिंपी बाहेर आला. माझा हात तिच्या डोक्याकडे गेला होता, तो मी मांडीवर परत आणला. बऱ्याच वेळाने ती गप्प झाली. मग म्हणाली, "जाते." अगदी माझ्या आवाजात, माझ्या हुंदक्यासकट. एक चप्पल घालून उतरली, दुसरी खाली वडिलांनी घातली.

बाई जिन्याच्या वळणावर उभ्या होत्या. म्हणाल्या, "बघितलं मी."

तिथेच पायरीवर बसून त्यांनी मला त्यांच्या धाकट्या भावाचं, बाबूचं सांगितलं. त्याला बोलता येत नाही. बाई शाळेत होत्या तेव्हा आई आजारी पडली आणि दवाखान्यात जाताना त्याला "येते रे" म्हणून गेली. ती आलीच नाही. बाबू रोज संध्याकाळी बस यायच्या वेळेला ओट्यावर बसायचा. "वर्षं गेली. त्याला कुणी सांगितलंच न्हाय. मी पन न्हाय सांगितलं." एवढं बोलून त्या उठल्या, पदर झटकला आणि "जाते" म्हणून गेल्या. मी ठेवलेल्या नावाची मला फार लाज वाटली.

गेल्या वर्षी बाईंना कॅन्सर निघाला. मी दर रविवारी अकराच्या बसने चौकला जायचे. वाकट्यांची मासळी दारात वाळत असायची, बाबूदादा चहा आणून ठेवायचा. निघताना मी म्हणायचे, "येते, बाई." लगेच आतून यायचं, "कवा? वार सांग." मग मी वार सांगायचे, वेळ सांगायचे, आणि पाळायचे. शेवटच्या रविवारपर्यंत डॉक्टरांनी उपाय संपले म्हणून त्यांना घरी पाठवून दिलं होतं. बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "बाबूला सांगितलं, मी जाते म्हणून. दोन दिवस जेवला न्हाय. आता जेवतो." मग डोळे उघडून म्हणाल्या, "तू राहिलीस."

मला कळलं, त्यांना माझ्या तोंडून 'जाते' हवं होतं. मला ते नाही जमलं. बाहेरच्या पोरीला मी बोलू शकले, बाईंना नाही. मी उठले आणि म्हणाले, "रविवारी येते. अकराच्या बसने."

"मी न्हाय असनार गो," बाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत. ते रागावणं मला हवं होतं.

गुरुवारी ग्रुपवर मेसेज आला. शुक्रवारी चर्चमध्ये एवढी गर्दी होती की मला पेटीसुद्धा धड दिसली नाही. आणि रविवारी मी अकराची बस धरली. का, ते विचारू नका. येते म्हणाले होते.

दार लोटलेलं होतं. मी चपला काढल्या आणि ओट्यावर बसले. आतून "कवा" ऐकू येईल असं वाटत होतं, एवढी मोठी बाई मी! बऱ्याच वेळाने बाबूदादा बाहेर आला. माझ्याकडे बघितलं, माझ्या चपलांकडे बघितलं. मग खाली वाकून त्याने त्या उचलल्या, रस्त्याकडे तोंड करून माझ्या पायांपुढे जोडीने ठेवल्या आणि बाजूला उभा राहिला.

मी चपला घातल्या. "बाई," मी म्हणाले, "जाते."

येते म्हण, असं आतून कुणी ओरडलं नाही.