पंपहाउसवर ठेवलेला चष्मा

किल्लीवाल्या बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी धावायला लागल्या, ते काही हौसेने नव्हे. डॉक्टरांनी रक्तातली साखर पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि स्पष्ट सांगितलं, "ही अशीच राहिली तर डोळे जातील." बाईंच्या आईचे तसेच गेले होते. नवऱ्यामागे किल्ल्या बनवायचं दीड माणसाच्या रुंदीचं दुकान बाईंनी बावीस वर्षं एकटीने चालवलं होतं. किल्लीचा एक दात केसभर जास्त घासला गेला की कुलूप दाद देत नाही. डोळ्यांशिवाय या धंद्यात बसायचं कुठे?

सुरुवातीला धाकटी जाऊ सोबत असायची. दोघी नदीकाठच्या रस्त्याने पंपहाउसपर्यंत जायच्या, निम्मं धावत, निम्मं भांडत. मग जाऊ लेकीकडे राहायला गेली आणि तिसऱ्याच दिवशी बाईंचं धावणं बसलं. आज पाय दुखतोय, आज आभाळ आलंय, आज बूट ओले. मनाचा निग्रह हा शब्द भाषणात शोभतो. पहाटे पांघरुणात त्याला कोणी विचारत नाही.

बाईंनी मग निग्रहाचा नाद सोडला आणि स्वतःलाच अडकवून टाकलं. पंपहाउसचा रात्रीचा पहारेकरी रोज संध्याकाळी दुकानावरून ड्यूटीवर जायचा. शटर ओढलं की त्याच्या हातात दुकानाची किल्ली द्यायची. सकाळी सातला तो सुटायचा आणि पुलापलीकडे घरी जायचा. त्याआधी जाऊन किल्ली आणली तर दुकान उघडणार, नाहीतर दिवसभर बंद.

"बाई, चालत आलात तरी देईन की," तो म्हणाला.

"साडेसहाशिवाय माझं घरातलं उरकत नाही. चालत आले तर सात वाजून जातील. आणि तुम्ही थांबायचं नाही हं, भाऊ. सात म्हणजे सात."

दहा-बारा दिवस झकास गेले. मग एका सकाळी बाई कूस बदलून झोपल्या, आठला उठल्या आणि दुकानापाशी जाऊन तारेच्या आकड्याने स्वतःचंच कुलूप दोन मिनिटांत उघडलं. मागून डबा घेऊन आलेली सून बघतच राहिली.

"अहो आई, सगळ्यांची कुलपं उघडणाऱ्या बाईला कुलपाची कसली भीती घालताय? हे म्हणजे माशाला पाण्यात बुडवायची धमकी!"

बाई चिडल्या. सुनेवर नव्हे, एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली नाही, यावर. दिवसभर त्या कानस चालवत राहिल्या. संध्याकाळी पहारेकरी आला तेव्हा त्यांनी नाकावरचा चष्मा काढून त्याच्या हातात ठेवला.

"अहो, हा कशाला?"

"याची डुप्लिकेट मला करता येत नाही."

खरंच होतं. लांबचं त्यांना स्वच्छ दिसायचं, धावायला अडचण नव्हती. पण जवळचा चष्मा नसला की किल्लीचे दात सोडाच, तार कुलपात नेमकी कुठे घालायची तेही कळेना.

"रात्री पेपर कसा वाचणार?" मुलाने विचारलं.

"नाही वाचणार."

आणि आठ महिने नाही वाचला. सुईत दोरा ओवायला सुनेला हाक मारली. बुटाचा तळ सुटला त्या दिवशी तो सुतळीने बांधला आणि सातच्या आत पोचल्या. डॉक्टरांनी पुन्हा बॅटरी मारली.

"डोळे आहेत तसेच आहेत, साखरही उतरली. काय करता हो?"

"चष्मा आणायला जाते," बाई म्हणाल्या.

मग पहारेकऱ्याने मुलीच्या लग्नासाठी चार दिवस रजा घेतली. बाईंचा चष्मा घरीच राहिला. त्या रात्री त्यांनी पेपर जाहिरातींसकट वाचून काढला आणि सुनेला बजावलं, "उद्या मला उठवायचं नाही."

सकाळी जाग आली. चष्मा टेबलावर, पेपरच्या घडीवर, अगदी हाताशी. बाईंनी पडल्यापडल्या त्याच्याकडे पाहिलं. मग "हं!" म्हणाल्या आणि उठून बूट चढवले.

पंपहाउसच्या फाटकाशी बदलीचा माणूस स्टुलावर बसला होता.

"कोण पाहिजे, मावशी?"

"कोणी नाही." बाईंनी धापा टाकत फाटकाला हात लावला. "किती वाजले?"

"सातला बारा मिनिटं कमी."

"बारा? रोज दहा असतात," बाई म्हणाल्या आणि तो आणखी काही विचारायच्या आत परत धावायला लागल्या.