हिरव्या पेनाची चिठ्ठी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि फादरांना तर नाहीच. खरी भानगड तिथेच आहे. चौदा वर्षं मी आमच्या मरोळच्या चर्चमध्ये दर रविवारी मुलांना पहिल्या कन्फेशनसाठी, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्यासाठी, तयार करतो. जाणूनबुजून पाप लपवलं तर ते कन्फेशनच नव्हे, हे त्यांच्याकडून घोकून घेतो. आणि गेली सहा वर्षं मी स्वतः एक पाप लपवून कन्फेशन करतोय.

आमच्या वर्गाची एक पद्धत होती. पहिल्या कन्फेशनच्या आदल्या रविवारी मुलं आपापली पापं चिठ्ठीवर लिहायची. नाव घालायचं नाही. चिठ्ठीची घडी करून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. मग डबा मागच्या अंगणात नेऊन क्रुसापुढे सगळ्या चिठ्ठ्या जाळायच्या. राख दाखवून मी विचारायचो, "कोणी वाचलं?"

"फक्त देवाने," मुलं ओरडायची.

"आणि देव कोणाला सांगणार?"

"कोणालाच नाही."

क्षमा म्हणजे काय, हे नऊ वर्षांच्या पोरांना पुस्तकातून कळत नाही, राखेतून कळतं. युक्ती माझीच होती आणि मला तिचा अभिमान होता.

त्या वर्षी अंगणात कोणाच्या तरी लग्नाचा मांडव घातला होता. कापडाजवळ जाळ नको म्हणून मी मुलांना म्हणालो, "मी घरी नेऊन जाळतो." कोणीही शंका घेतली नाही.

दुपारी घरी कोणी नव्हतं. मोरीजवळ बसून मी डबा उघडला. एक चिठ्ठी आपोआप उलगडली होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. ती उलगडली नव्हती. मी उलगडली. त्याआधी आणखी चार उलगडल्या होत्या. 'चर्चमध्ये मिस्सा चालू असताना झोपलो.' 'दादाच्या मोबाइलवर गेम खेळलो.' 'बहिणीला म्हैस म्हटलं, पण ती आहेच.' मला हसू येत होतं. पाचवी चिठ्ठी हिरव्या पेनाने लिहिलेली होती. वर्गात हिरवं पेन एकाच मुलीकडे होतं.

'आजी हाका मारत होती. मी व्हिडिओ बघत होते. मी दार लावलं. मग आजी पडली. मी झोपले होते असं सांगितलं.'

मी सगळ्या चिठ्ठ्या जाळल्या. तिथेच थांबलं असतं तर एवढं काही नव्हतं.

बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना आटोपल्यावर त्या मुलीची आई फाटकाजवळ भेटली. सासूबाई कशा आहेत, असं मी विचारलं आणि त्या रडायलाच लागल्या. "काय सांगू सर, दहा मिनिटं खाली कोथिंबीर आणायला गेले आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. पोर आत झोपलेली, तिला काय ऐकू येणार? मीच मारलं म्हातारीला."

मला ते बघवेना. मी म्हणालो, "तुमची चूक नाही हो. पोर जागी होती."

त्यांनी डोळे पुसायचे थांबवले. "तुम्हाला कोण बोललं?"

"मुलं बोलतात आपसात."

सांत्वन करायला गेलो, असं म्हणता येईल. पण इतरांना नाही ते मला ठाऊक आहे, ही घमेंडही त्यात होती. ती मी तेव्हाच ओळखली होती.

शनिवारी मुलं पांढरे कपडे घालून कन्फेशनच्या रांगेत उभी होती. ती मुलगी माझ्याजवळ आली. "सर, एक विचारू?"

"विचार ना."

"तुम्ही म्हणाला होतात देव कोणाला सांगत नाही. त्याने मम्मीला सांगितलं."

मी विचारलं, "मम्मी तसं म्हणाली?"

"मी विचारलं तुला कोण बोललं, तर म्हणाली देव सगळं बघतो. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, सर. फक्त चिठ्ठीत लिहिलं होतं." मग हळूच म्हणाली, "चिठ्ठी जळली ना पण?"

"जळली," मी म्हणालो. तेवढं खरं होतं. "आत जा बाळ, फादर थांबलेत."

ती गेली आणि लगेच बाहेर आली.

"झालं पण?"

"हो. गणितात कॉपी केली ते सांगितलं."

"आणि?"

"आणि काय? तेवढंच."

मुलांनंतर मी आत गेलो. मला राग येतो, मी प्रार्थनेत आळस करतो, असं सांगितलं. फादरांनी क्षमेचे शब्द उच्चारले. मी ते गुडघे टेकून ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी मिस्साला त्याच तोंडाने मी कम्युनियन, ख्रिस्तप्रसाद, घेतलं, आणि तेव्हापासून दर रविवारी घेतोय. न घेता बाकावर बसून राहिलो तर लोक विचारतील, म्हणून घेतो.

चार महिन्यांनी म्हातारी गेली. दफनाच्या वेळी सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. ती पोर आईच्या मागून पुढे आलीच नाही. चिठ्ठ्यांचा प्रकार मी बंद केला. कारण सांगितलं, आगीची भीती.

आता ती नववीत आहे. यंदा कन्फर्मेशनच्या, म्हणजे मोठेपणी श्रद्धा पक्की करायच्या विधीच्या, मुलांचीही तयारी फादरांनी माझ्याकडे दिली. नाही म्हणायला कारण सापडेना. ती शेवटच्या बाकावर बसते. गेल्या रविवारी एका मुलाने विचारलं, "सर, फादर बाहेर कुणाला सांगत नाहीत, याची गॅरंटी काय?"

मी उत्तर द्यायच्या आत मागून तिचा आवाज आला. "फादर नाही सांगत रे. देव सांगतो."

वर्ग हसला. मीही हसलो.

"म्हणून सगळे करतात तेवढंच सांगायचं," ती पुढे म्हणाली. "कॉपी केली, शिव्या दिल्या, मिस्सा बुडवली. बाकीचं आत ठेवायचं. बरोबर ना, सर?"

ती थट्टा करत होती की तिला सगळं कळून चुकलंय हे मला सांगत होती, ते समजलं नाही. मी पान उलटून पुढचा भाग वाचायला लागलो.

सांगितलं तर काय होईल, ते मला पाठ आहे. तिची आई येईल. मग बाकीचे आईबाप येतील, आमच्या पोरांच्याही चिठ्ठ्या वाचल्या का म्हणून. तिच्याशिवाय चार वाचल्या होत्या. वर्ग जाईल. चर्चच्या पायऱ्यांवर मला बघून लोक बोलायचे थांबतील. चर्चच्या ऑफिसातून फोन आला तरी मी तो लगेच उचलत नाही. पण ही झाली माझी भीती. माझ्यापासून लांब राहिलं की ती मुलगी सुटते. देवापासून लांब राहून ती कुठे जाणार? तिला देवाची भीती मी घातली. त्याचं नाव पुढे करून मी मागे लपलो.

कन्फर्मेशनच्या मुलांचं कन्फेशन येत्या शनिवारी आहे. आज गुरुवार. फादरांना मी सहा वर्षं लपवलेलं पाप सांगायला हवं. त्याच्याही आधी मी त्या मुलीला एक वाक्य देणं लागतो: देवाने सांगितलं नव्हतं, मी सांगितलं. ते अजून दिलेलं नाही.