बांगड्याचा दोष नव्हता

औषधांच्या दुकानात बावीस वर्षं काउंटरमागे उभा राहिलेला हा माणूस. गल्लीतले लोक त्याला ‘जेवणाआधीकाका’ म्हणत, कारण गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर हे दोनदा बजावल्याशिवाय काका पाकीट हातात देत नसत. आपलं ज्ञान पक्कं आहे, याचा त्यांना थोडा तोराही होता.

त्यांच्या बायकोला क्षय झाला. काकांनी घराबाहेर चकार शब्द काढला नाही. गोळ्या साध्या डबीत काढून ठेवल्या आणि पाकीट आतल्या माहितीच्या कागदासकट केरात टाकलं. कुणी पाहिलं तर?

एका दुपारी जेवून अर्धा तास झाला असेल नसेल, बायकोचा चेहरा लालबुंद झाला. डोकं ठणकायला लागलं, छाती धडधडायला लागली. ताटात बांगडा होता. काकांनी तिला पडायला सांगितलं, तिच्या आईला शेजारी बसवलं, पायात चपला अडकवल्या आणि तडक बाजार गाठला.

“लोकांना मारायला बसलीस का गं?” ते मासेवालीवर ओरडले.

“सकाळचा माल आहे, बर्फातला,” ती म्हणाली. “तुम्हीही खाल्लात ना? तुम्हाला झालं काही?”

“मी औषधवाला आहे. मला अक्कल शिकवू नकोस!”

दोन बायकांनी हातातले मासे परत टोपलीत ठेवले. मग बभ्रा झाला. पंधरा दिवसांत तिच्या कोपऱ्याकडे कुणी फिरकेना, आणि ती बाजाराच्या फाटकाजवळ गटाराच्या कडेला जाऊन बसली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “तो मासा घरात आणखी कुणी खाल्ला?”

“मी आणि सासूबाईंनी,” काका म्हणाले. “आम्हाला काही झालं नाही.”

“मग मासा खराब नसावा. बांगड्यात हिस्टामिन नावाचा पदार्थ थोडाफार असतो. तो मोडून टाकणारं एन्झाइम आपल्या आतड्यात असतं. क्षयाची ही गोळी त्या एन्झाइमला काम करू देत नाही. तुमच्या पोटात जे मोडलं, ते यांच्या अंगात चढलं.” त्या थांबल्या. “पाकिटातल्या कागदावर लिहिलेलं असतं हे. तुम्ही तर औषधवाले ना?”

काकांचे कान तापले. घरी येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

“मी तिची माफी मागतो,” ते बायकोला म्हणाले, “पण मग तुझा आजार सांगावा लागेल.”

“सांगा की. आजार माझा आहे, लाज तुम्हालाच वाटते.”

बाजार भरात असताना काका फाटकाशी उभे राहिले. मग मोठ्यानं म्हणाले, “मासा चांगला होता. माझी बायको क्षयाच्या गोळ्या घेते, त्या गोळ्यांमुळे तिला तो सोसला नाही. ठाऊक असायला हवं होतं ते मलाच. चुकलो मी.”

मासेवालीनं खवले काढणं थांबवलं नाही. “ताई बऱ्या आहेत का?”

“हो.”

“मग झालं तर.” हातातला मासा उलटवून ती म्हणाली, “मला चारचौघांत अगंतुगं केलंत तुम्ही.”

काकांनी हात जोडले.

काही गिऱ्हाइकं परतली, सगळी नाही. तिच्या जुन्या कोपऱ्यात तोवर भांडीवाला बसला होता. काका अजूनही फाटकातून जाताना क्षणभर थांबतात, तीही मान हलवते. पण तिच्या पायाशी वाहणाऱ्या गटाराकडे मात्र त्यांना बघवत नाही.