चालू मशीनची पूजा

दसऱ्याच्या सकाळी बाबा झेंडूचा हार घेऊन परळच्या आमच्या प्रयोगशाळेत हजर. मीच कधीतरी म्हणाले होते, या एकदा माझं मशीन बघायला. नेमका मुहूर्त काढला तो हा! त्या संध्याकाळी आमची पाळी संपून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप दुसऱ्या गटाकडे जाणार होता आणि माझ्या हाती एक धड निकाल नव्हता. तो मिळाला नाही तर माझं पुढचं सगळंच लटकणार होतं.

“बंद कर गो,” बाबा म्हणाले. “चालू मशीनला हार घालत नाहीत.”

लालबागच्या गिरणीत माग चालवण्यात त्यांची हयात गेली. दसऱ्याला आधी माग थांबवायचा, पुसायचा, मग हळदकुंकू.

“बाबा, हे नाही बंद करता येणार.”

“देवापेक्षा मोठं झालं काय तुझं मशीन?”

डोकंच फिरलं माझं. तरी त्यांना खुर्चीत बसवून समजावलं. इलेक्ट्रॉनांचा घोळका सोडायचा. वाटेत ते पांगतात. तिथं लेझरचा प्रकाश असा टाकायचा की पुढं पळणारे मागं खेचले जातील, मागचे पुढं ढकलले जातील आणि सगळे एकदम पोचतील. मग अणूंची हालचालसुद्धा टिपता येते.

“म्हणजे मुकादम,” बाबा म्हणाले. “आमचा पण तेच करायचा. शिव्या घालून.”

मला हसू फुटलं. “हो, पण या प्रकाशाची नि घोळक्याची गाठ अचूक पडावी लागते. ती जुळवण्यात आठवडे गेलेत. लेझर थंड झाला की आरसे हलतात. आज बंद केला तर परत जुळेलच असं नाही.”

 बाबांनी हार मांडीवर ठेवला नि मशीनकडे बघितलं.

“शेवटच्या दसऱ्याला आम्ही पण माग थांबवले,” ते म्हणाले. “पूजा केली, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी गेलो तर गेटला टाळं. माझा माग परत चालूच झाला नाही, बाय.”

गिरणी बंद पडली, एवढंच घरात बोलत. हे मला ठाऊक नव्हतं. 

दुपारी इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या आलेखात मधल्या उंच टोकाच्या दोन्ही बाजूंना लहान टोकं उगवली. प्रकाश इलेक्ट्रॉनांना खरंच ढकलत होता, ओढत होता. “आलं, बाबा!” मी ओरडलेच.

बाबा उठले. हार खुर्चीवरच ठेवला आणि लांबूनच, चालू मशीनला हात जोडले.

“चालत राहा रे बाबा,” ते मशीनला म्हणाले.