नंबर नसलेली पट्टी

नावं घालायच्या त्या दुकानात एक रीत होती. घड्याळ असो, पेन असो, मजकूर आधी पितळेच्या पट्टीवर कोरून बघायचा. पट्टीमागे पावतीचा नंबर ओरखडायचा. मगच खऱ्या वस्तूला हात. कारागिराला इंग्रजी वाचता येत नसे. चिठ्ठीवरची अक्षरं तो चित्रासारखी उतरवी. पावत्या त्याची बायको फाडायची.

खण झाडताना तिला एक पट्टी सापडली. मागे नंबर नाही. म्हणजे गिऱ्हाईक नाही. मग कोरलंय कोणासाठी?

ती वरच्या मजल्यावरच्या मुलीकडे गेली.

"इंग्रजी साहित्य शिकलीस ना? वाच."

"द वन दॅट गॉट अवे," मुलगी म्हणाली. "म्हणजे हातची निसटलेली. काकू, जिच्यावर जीव होता पण जी आपली झाली नाही, तिला म्हणतात असं."

"कोण म्हणतं?"

"ज्याचं लग्न दुसरीशी झालं, तो." मुलीने जीभ चावली.

काकूंनी पट्टी पदराखाली घेतली. पंचवीस वर्षांपूर्वी नवऱ्याचं स्थळ आधी थोरल्या बहिणीसाठी, ताईसाठी आलं होतं. ताई नाही म्हणाली, म्हणून हिचं जमलं. पाणी तिथेच मुरत होतं तर!

तीन दिवस तिने पाळत ठेवली. नवरा शीळ घालत होता. ती आली की खण लोटत होता. सेल बदलायला म्हणून नेलेलं तिचं घड्याळही परत देत नव्हता.

चौथ्या दिवशी तिने मुलीला साक्षीला घेतलं आणि पट्टी त्याच्यापुढे आपटली.

"ताईला पाठवणार होतात?"

"ताईचं काय मध्येच?" त्याने फडक्याखालून तिचं घड्याळ काढलं. पाठीवर तीच अक्षरं, आणखी नाजूक. "मागे एकाला हे कोरून दिलं. वाचलं आणि बसल्या जागी रडला बिचारा. म्हटलं, एवढं रडवणारं म्हणजे बायकोसाठीच असणार. उतरवून ठेवलं. आपल्या लग्नाची पंचविशी आहे ना? तुझ्याकडून तुझीच पावती कशी फाडून घेऊ?"

दारातली मुलगी थिजली.

"का गं पोरी, चुकलं का काही?"

मुलीने काकूंकडे पाहिलं. काकूंनी डोळे वटारले.

"नाही काका. अक्षर सुरेख आलंय."

"खरं सांगा," काकू म्हणाल्या, "ताई नाही म्हणाली तेव्हा वाईट वाटलं होतं?"

"वाटलं ना. नव्या बुटांचे पैसे वाया गेले वाटलं. मग तू चहा घेऊन आलीस."

काकूंनी घड्याळ बांधलं. पावतीपुस्तक ओढून स्वतःच्या नावाची पावती फाडली, आणि पट्टीमागे तिचा नंबर ओरखडला.