लाल चिंधी नसलेली खुंटी

रेल्वेच्या डब्यात नळाला पाणी नसलं की लोक आधी सरकारला शिव्या देतात, मग टीसीला, आणि गाडी आमच्या जंक्शनवर थांबली की आम्हाला. आम्ही म्हणजे पाणी भरणारे. फलाटाच्या उलट्या बाजूला, दोन रुळांच्या मधे, हातात जाड पाइप घेऊन उभे असतो. लांबच्या गाडीला बावीस-चोवीस डबे आणि थांबा दहा मिनिटांचा. तेवढ्यात टाक्या भरायच्या आणि कुठे नळ मोडला असेल तर तोही बघायचा. "दहा मिन्टात तं माणसाची दाढीबी होत नाई," असं इनायतभाऊ म्हणायचे, आणि त्याच दहा मिनिटांत तीन नळ नीट करून डब्यातून उतरायचे.

मी सावली गावचा, धानाच्या पट्ट्यातला. इथे कामाला लागलो तेव्हा मला पाना कसा धरायचा हेही ठाऊक नव्हतं. ते इनायतभाऊंनी शिकवलं, आधी दोन शिव्या देऊन आणि मग चहा पाजून. ते राजुऱ्याचे. वडिलांपासून घरात नळकाम. ठेकेदाराच्या माणसांत खरा फिटर म्हणावा असे ते एकटेच, बाकी आम्ही पाइप ओढणारे.

स्लीपरच्या डब्याचा मुख्य रोग एकच. कुठेतरी नळ नाहीतर पाइप तुटतो आणि पुढच्या स्टेशनापर्यंत अख्खी टाकी गळून जाते. नवं सामान मागितलं की ठेकेदार म्हणणार उद्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! म्हणून इनायतभाऊंनी स्वतःचा उपाय काढला होता. त्यांचा साडू आलापल्लीला सुतारकाम करतो. त्याच्याकडून सागाचे उरलेले तुकडे आणायचे, बोटभर लांबीच्या खुंट्या तासायच्या, त्यांवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा आणि तुटलेल्या पाइपच्या तोंडात ठोकायच्या. पाणी थांबतं, टाकी वाचते. त्या नळाला पाणी येत नाही ते खरं, पण एका दिवसाचा प्रश्न असतो.

तो एका दिवसातच सुटावा म्हणून खुंटीला हातभर लाल चिंधी बांधायची. गाडी शेवटच्या स्टेशनात गेली की तिथले फिटर लोंबती चिंधी पाहून ओळखतात, खुंटी काढतात, नळ बसवतात. हा नियम कुठल्या कागदावर नाही. इनायतभाऊंनी पाडलेली ही रीत, आणि दोन्हीकडच्या यार्डांतल्या लोकांनी त्यांचं तोंडही न पाहता ती मानली होती.

चिंध्या फाडून द्यायच्या त्या खातूनभाभी, इनायतभाऊंच्या बायको. जुनी ओढणी, फाटका पडदा, मोहल्ल्यातल्या बायांच्या साड्या, लाल रंगाचं जे हाती लागेल ते त्या जमवायच्या. दर आठवड्याला चिंध्यांची गुंडाळी भाऊंच्या जेवणाच्या डब्यासोबत पिशवीत असायची. एकदा मी त्यांना चिडवलं, "भाभी, तुमचं लगनातलं लुगडं सांभाळा, नाईतर भाऊ तेबी गाडीले बांधतीन." त्या हसल्या. म्हणाल्या, "ते तं कवाच गेलं सुनीलभाऊ. आता लगन दिल्लीवरून मद्रासले फिरून राह्यलं."

यंदाच्या उन्हाळ्यात भाभींना आतड्याचा आजार निघाला. मोठ्या मुलाने, आरिफने, त्यांना दक्षिणेतल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तीन आठवडे सांगितले होते, म्हणून भाभींनी निघण्याआधी तीन आठवडे पुरतील एवढ्या चिंध्या फाडून ठेवल्या. पोटात कळ येत असताना बसून फाडल्या, हे मला भाऊंनीच सांगितलं. पण ऑपरेशन लांबलं आणि तिनाचे पाच आठवडे झाले. इकडे भाऊंनी घरात भाभींसाठी नवा संडास बांधायला काढला. बसल्या जागी हात पोचेल असा खाली नळ घेतला. "तिले आता उठून बादली ओढनं होनार नाई," म्हणाले. त्या नळाचं कौतुक त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मी कंटाळलो.

मग तो मंगळवार. दक्षिणेकडे जाणारी गाडी लागली. एका स्लीपर डब्याच्या टोकाला, दोन्ही संडासांना पाणी देणारा पाइप सांध्यातून तुटला होता आणि धो धो पाणी वाहत होतं. भाऊ चढले, मी मागे. त्यांनी खुंटी ठोकली, पाणी थांबलं. खिशात हात घातला, पिशवी उलटी केली. चिंधी नव्हती. गुंडाळी संपली होती.

"सुन्या, लाल काई हाये का तुयाजवळ?"

माझ्या गळ्यात पांढरा दुपट्टा होता. पांढराही चालला असता, पण नवा होता, आणि तो फाडावा असं माझ्या मनातही आलं नाही. उलट मीच म्हणालो, "राहू द्या ना भाऊ, सिग्नल झाला. दिसते पुढच्या यार्डवाल्याइले." गाडी हलली आणि आम्ही दोघांनी उडी मारली. ही माझी चूक मी इथे मुद्दाम लिहितो आहे, कारण भाऊंनी ती कधीच कोणाला सांगितली नाही.

गुरुवारी आरिफचा फोन आला की दवाखान्यातून सुट्टी मिळाली, गाडीत बसलो, शुक्रवारी दुपारी पोचतो. शुक्रवारी भाऊ नमाज पढून धुतलेल्या कपड्यांत स्टेशनवर आले. सुट्टी होती, तरी सवयीने पाना खिशात होताच. ऊन असं की रुळाकडे बघवत नव्हतं. गाडी आली. आरिफने आईला दोन्ही हातांवर घेऊन उतरवलं. भाभींचे ओठ पांढरे पडून फाटले होते आणि डोळे आत गेले होते. भाऊंना पाहून हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

"काऊन अशी झाली हे?" भाऊंनी विचारलं.

आरिफ रडायलाच लागला. म्हणाला, आमच्या बाजूच्या दोन्ही संडासांत कालपासून पाण्याचा थेंब नाही. डब्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, पण लग्नसराईची गर्दी, लोक वाटेत पाय पसरून बसलेले, तिथवर अम्मीला चालणं शक्य नव्हतं. त्याने बाटल्या भरून आणल्या. पण जवान मुलाने बाटली घेऊन संडासाच्या दारात उभं राहायचं, याची भाभींना लाज वाटली. जायलाच लागू नये म्हणून त्यांनी खाणं सोडलं, मग पाणीही सोडलं. एक दिवस आणि एक रात्र. दवाखान्यातून निघताना डॉक्टरने बजावलं होतं की काही झालं तरी पाणी कमी पडू देऊ नका.

 भाऊ डब्यात चढले. मला वाटलं भांडायला चालले, म्हणून मी मागे गेलो. ते सरळ त्या सांध्यापाशी गेले. पाइपच्या तोंडात आमची खुंटी होती. मंगळवारचीच. गाडी टोकाला जाऊन परत आली होती, आणि चिंधी नाही म्हणून खुंटी कोणाच्या नजरेस पडली नव्हती. भाऊंनी पाना लावून ती उपसली. आत पाणी होतं. टाकी काठोकाठ भरलेली होती. सगळ्या प्रवासात भाभींच्या डोक्यापासून चार हातांवर भरलेली टाकी होती! पाणी भाऊंच्या धुतलेल्या कपड्यांवर पडत राहिलं आणि ते हलले नाहीत. मी त्यांना ओढून खाली उतरवलं.

भाभींना तिथूनच चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन चांगलं झालं होतं म्हणे, पण आता लघवीच थांबली होती. सलाईनवर सलाईन लावली. वरातीमागून घोडं.

रविवारी संध्याकाळी मी डबा घेऊन गेलो तेव्हा भाऊ व्हरांड्यात बसले होते. म्हणाले, "सुन्या, मी तिले सांगून टाकलं."

"काय?"

"का खुटी माही होती म्हून."

मला वाटलं, माझंही नाव सांगितलं असेल. माझं नाव त्यांनी घेतलं नव्हतं, हे मला नंतर आरिफकडून कळलं. मी विचारलं, "मंग काय म्हणाल्या भाभी?"

भाऊंनी हातातली टोपी फिरवली. मग म्हणाले, "ती म्हणते, तुमची काय गलती. घरात चिंध्याच नोहत्या. मीच पाच हप्त्याच्या फाडून ठेवाले पायजे होत्या." आणि ते रडले. सात वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. मी माझा दुपट्टा त्यांना तोंड पुसायला दिला आणि मला माझीच शिसारी आली.

सोमवारी सकाळी खातूनभाभी गेल्या.

राजुऱ्याच्या घरात अंगणाच्या कोपऱ्यात पडदा बांधला. मय्यताला आंघोळ घालायला मोहल्ल्यातल्या सायमाआपा आणि दोघी-तिघी बाया होत्या. पुरुषांनी पाणी फक्त पडद्यापर्यंत आणून ठेवायचं. घरात नळ होते, नव्या संडासातला तो खाली घेतलेला नळही होता, अजून कोणी न वापरलेला. पण भाऊंनी एकाही नळाला हात लावला नाही. "नळाचा भरोसा नाई," म्हणाले, आणि बादली घेऊन गल्लीच्या टोकाच्या हातपंपावर गेले. मी दांडा मारायला लागलो. आरिफ मधे येऊन बादली घेऊ लागला, त्याला त्यांनी बाजूला केलं.

एक बादली ते पडद्याशी ठेवायचे आणि विचारायचे, "आपा, पानी और लाऊँ?" आतून हो आलं की परत यायचे. चार बादल्या झाल्या, पाच झाल्या. सहावीला आतून सायमाआपा म्हणाल्या, "बस भाईजान, बहुत हो गया."

ते परत हातपंपावर आले. रिकामी बादली त्यांनी तोटीखाली सरकवली. मी दांडा धरून उभाच राहिलो, तेव्हा म्हणाले, "भर ना बे सुन्या. उरलं तं उरू दे."

मी दांडा मारत राहिलो.