स्थानिक मदतनीस

परिषदेत पडद्यावर शेवटचं पान आलं. आभाराचं. सात नावं, प्रत्येकापुढे पदवी. खाली बारीक अक्षरात, ‘आणि स्थानिक मदतनीस’. ती मी. तिसऱ्या रांगेत फाईल मांडीवर घेऊन बसलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्याची लाज अजून वाटते.

माझं वय चव्वेचाळीस. पेणला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी. ती सांभाळून एम.एस्सी. केलं, भाताचा डीएनए कॉम्प्युटरवर जुळवायला शिकले. शहरातल्या एका संस्थेला खाऱ्या जमिनीत तगणारं भात हवं होतं. चार हंगाम मी पेणपासून रोह्यापर्यंतची खाडीकाठची खाजणं तुडवली. एकशे बारा नमुने आणले. कुणाचं शेत, कुठला बांध, घरची बाई त्या भाताला काय म्हणते, सगळं वहीत.

संस्थेने पेणचं एक आणि रोह्याचं एक भात वेगळं धरलं होतं, कारण नावं दोन. वहीवरून मला शंका आली. रोह्याला दिलेल्या पेणच्या लेकींनी माहेरचं बी सोबत नेलं होतं. दोन्हींचा डीएनए जुळवून पाहिला. भात एकच. संस्थेत हे काम बघणाऱ्या सरांना कळवलं. त्या दिवशी पडद्यावर तोच शोध झळकला, त्यांच्या विद्यार्थ्याच्या नावावर.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. काम सुरू करताना संशोधन सहायकाची जागा त्यांनीच मला कबूल केली होती.

“अहो ताई, वयाची अट असते. आणि ते कॉम्प्युटरचं काम. तुम्ही चिखलातच बऱ्या.”

शेजारचे दोघे हसले. वयाची अट चार वर्षांपूर्वीही होती.

घरी आईला सांगितलं. तिची हयात मिठागरात गेली. भाकरी थापताना तिचे हात थांबले नाहीत.

“मीठ आमी काढलं, गोणीवर नाव शेटचं. मला वाचता येत नव्हतं गो. तुला तं येतं.”



महिन्याने सरांचा फोन आला. “यंदाच्या लोंब्या कधी पाठवताय?”

“नाय पाठवणार.”

शहरातल्या माणसांशी बोलताना मी कधी ‘नाय’ म्हणत नसे. म्हटलं.

“बरं, पुढच्या वेळी नाव घालू.”

“आधी लिहून द्या. माझं, आणि बी राखणाऱ्या बायकांचंही.”

“या वयात करिअर करायचंय तुम्हाला?”

“व्हय.”

त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर बारा अर्ज केले. नऊ ठिकाणी वय आडवं आलं. तिघांनी सरांचं शिफारसपत्र मागितलं. ते मिळणार नाही. या वाटेने नोकरी नाही, एवढं मला कळलंय. रोज सकाळी कॉलेजात बाटल्या धुते.

तरी शोधनिबंध लिहायला घेतलाय. त्यात माझं नाव, आणि बी राखणाऱ्या प्रत्येकीचं, तिला विचारून. कुणी छापेल असं वाटत नाही. पण नावं घालण्याचं लिहून घेतल्याशिवाय या खाजणातली एक लोंबीही आता माझ्या हातून जाणार नाही.